चौथ्या कोपऱ्यातलं दूध

मुलांनो, पोलीस खात्यातल्या माझ्या नोकरीतली बहुतेक प्रकरणं आता एकमेकांत मिसळून गेली आहेत. कुठल्या चोराला कुठं पकडलं हे आठवायला आजकाल कपाळ चोळावं लागतं. पण दोन बायका एकमेकींच्या झिंज्या धरून भिलाईच्या आमच्या ठाण्यात आल्या, तो दिवस मी मिटल्या डोळ्यांनी सांगू शकते. परवा आपली जुई परदेशातून फोनवर म्हणाली, की तिकडे मंदीत नोकऱ्या जाताहेत, भाडं परवडत नाही आणि एका गृहस्थानं स्वस्त घर आणि काम दोन्ही देतो म्हणून घराचे फोटो पाठवलेत. फोन ठेवला आणि लिहायलाच बसले. नावं मात्र कोणाचीच सांगणार नाही.

भिलाईच्या पोलाद कारखान्याची पहिली भट्टी पेटून तेव्हा फार काळ झाला नव्हता. सेक्टरांमध्ये क्वार्टरांच्या रांगा उठत होत्या; काही राहती, काही नुसती चुना मारून उभी. मी सब-इन्स्पेक्टर होते. खात्यात बायका अगदी मोजक्या, त्यामुळे तक्रारीत बाईचं नाव आलं, की प्रकरण माझ्या टेबलावर यायचं.

त्याच सुमारास भंडाऱ्याकडच्या मँगनीजच्या खाणी एकामागून एक बंद पडत होत्या. बाहेरच्या देशात मालाला उठाव नव्हता म्हणे. खाणीतली माणसं बायकापोरं, भांडीकुंडी घेऊन गोंदियाहून गाडीत बसत आणि दुर्गला उतरत. त्यांच्या लेखी भिलाई हा परदेशच होता. बाजारात छत्तीसगढी, कचेरीत हिंदी, रस्त्यावर कारखाना उभारणारे रशियन साहेब. भरती चालू होती, पण येणारी माणसं त्याहून जास्त होती. क्वार्टर मिळायचं ते नोकरी कायम झाल्यावर. तोवर नाल्याच्या काठी, तट्ट्या आणि पत्रे लावून केलेल्या झोपड्यांत राहायचं.

तर त्या दोघी आल्या. एक पिवळ्या लुगड्यातली, दणकट. दुसरीचे दिवस भरत आलेले. तिला मी मंजुळा म्हणेन. आमचे हवालदार जुने, छत्तीसगढचेच. बायकांचं भांडण आहे मॅडम, समज देऊन सोडून देऊ, असं म्हणत त्यांनी रोजनामचा उघडलाही होता. मी दोघींना बाकावर बसवलं, पाणी दिलं आणि भांडण कशाचं ते विचारलं.

"ही माह्या घरात घुसून दूध उतू घालून राहिली," मंजुळा म्हणाली.

"तुयं घर?" पिवळी उसळली. "माह्या हातानं चूल मांडली मी तेथं. दूध उतू गेलं, तेही पूर्वेकडं. मंग घर कोनाचं?"

"माह्यंही पूर्वेकडंच गेलं होतं."

हवालदार हसू लागले. मला मात्र हसू आलं नाही. आपल्याकडे नव्या घरात शिरताना दूध उतू घालतात, हे तुम्हाला ठाऊक आहे. एकदा दूध उतू गेलं, की ते घर आपलं, असं आमच्या बायका धरून चालतात. भाड्याच्या खोलीत कोणी एवढं करत नाही. म्हणजे या दोघींना एकच क्वार्टर आपलं म्हणून मिळालं होतं. आणि ज्यानं दिलं, तो आपल्याच बाजूचा, या रीतीचं वजन जाणणारा माणूस होता.

एकेकीला वेगळं बसवून जबाब घेतले. दोन्ही तंतोतंत सारखे निघाले. दुर्ग स्टेशनवर एक मराठी माणूस भेटला. तुमच्याच गावाकडचा, मला मामा म्हणा, असं म्हणाला. प्लांटमध्ये आपली ओळख आहे, नोकरीबरोबर क्वार्टरही मिळेल, असं त्यानं सांगितलं. पैसा मागितला नाही. उलट ओटीचा खण स्वतः आणला. पंचांगात चांगला दिवस काढला, क्वार्टरचं कुलूप उघडलं आणि बाईच्या हातून दूध उतू घालवलं. मग म्हणाला, राहायला यायचं ते साहेबांची तपासणी झाल्यावर. तोवर नवऱ्याला ट्रायलच्या कामावर जावं लागेल, आणि हे कोणाजवळ बोललात तर क्वार्टर दुसऱ्याला जाईल.

मंजुळाचा नवरा ट्रायलवर गेला तो पोळ्यालाही परतला नव्हता. पिवळीच्या नवऱ्याला मामा त्याच सकाळी घेऊन गेला होता. तो गेल्यावर ती क्वार्टर झाडत असताना मंजुळा आपलं घर नुसतं डोळ्यांनी पाहून जावं म्हणून तिथं पोचली, आणि तिला दारात दुसरीच बाई दिसली.

"बाई, मले क्वार्टर नको," मंजुळा हळूच म्हणाली. "मानूस पायजे. माह्यं पोर बाप नसताना जन्माले नको याले."

एवढंच तिचं मागणं. पण माणूस कुठं आहे, हे तिला माहीत नव्हतं आणि मलाही नव्हतं.

आम्ही लगेच क्वार्टरवर गेलो. दोन खोल्या, मागे अंगण. बाहेरच्या खोलीत, खिडकीजवळच्या कोपऱ्यात, पिवळीच्या चुलीच्या विटा अजून गरम होत्या. मंजुळा दारामागच्या कोपऱ्याकडे बोट दाखवून म्हणाली, माझी चूल इथं होती. तिथं फरशीवर चुना सांडलेला होता, जसा नव्या घरात सांडतोच. मी कळशीभर पाणी ओतलं, हवालदारांनी बुटानं घासलं. चुना निघाला आणि खाली काळं वर्तुळ दिसलं, कडेला जळक्या दुधाची खपली. समोरच्या कोपऱ्यातही चुना होता. तिथंही पाणी ओतलं. तिथंही वर्तुळ.

आता हवालदारांचं हसणं थांबलं. म्हणजे या दोघींच्या आधी तिसरं एक कुटुंब होऊन गेलं होतं. मामा एक कोपरा वापरून झाला, की त्यावर चुना ओतायचा आणि पुढच्या बाईला दुसरा कोपरा द्यायचा. त्याच्या हाती किल्ली कुठून आली, याचा अंदाजही त्या चुन्यावरूनच आला, आणि पुढे तो खरा ठरला. तो चुना मारणाऱ्या एका ठेकेदाराकडे कामाला होता आणि काम सोडताना त्यानं किल्ली परत केलीच नव्हती.

एक कोपरा कोरा होता; त्यासाठी मामा पुन्हा चांगला दिवस पाहून येणारच. मला मनातून उकळ्या फुटत होत्या, पण चेहरा सरळ ठेवला. ठाण्यात आल्यावर पंचांग मागवलं. पोलीस ठाण्यात पंचांग उघडून गुन्हेगाराची वाट पाहण्याचा प्रसंग माझ्या नोकरीत तो एकच. येत्या गुरुवारी चांगला योग होता. तोवर दोघींना हवालदारांच्या घरी ठेवलं, म्हणजे बातमी फुटायची भीती नको. हवालदारीण बाईंनी त्यांना एकाच चुलीवर स्वयंपाकाला लावलं. दुसऱ्या दिवशी दोघी एकमेकींच्या वेण्या घालत होत्या.

गुरुवारी दोन शिपाई शेजारच्या भिंतीला चुना मारायला उभे केले. त्यातल्या एकानं तो इतका मन लावून मारला, की पुढे ठेकेदारानं त्याला परत बोलावलं. मी साधी साडी नेसून शेजारच्या बंगाली बाईंकडे पाहुणी म्हणून बसले. त्या म्हणाल्या, या घरात सारख्या पूजा होतात, पण राहत कोणीच नाही. त्यांना वाटलं होतं, मराठी लोकांत अशीच पद्धत असेल.

सकाळी मामा सायकलवरून आला. धुतलेला सदरा, कपाळाला गंध, हातात नारळ. मागून रिक्षात एक जोडपं आणि दोन पोरं. कुलूप उघडलं. चौथ्या कोपऱ्यात चूल मांडली गेली, गोवऱ्या पेटल्या, बाईनं पातेलं ठेवलं. खिडकीतून मला तिचा चेहरा दिसत होता. ती दुधाकडे पाहत नव्हती, भिंतीकडे पाहत होती. मधूनच हात लावून पाही.

ठरल्याप्रमाणे मामानं नवऱ्याला घेऊन बाहेर पडावं आणि आम्ही पाठलाग करावा, असा बेत होता. पण दूध वर चढू लागलं आणि माझे पाय आपोआप उठले. ते एकदा उतू गेलं, तर ही बाई आम्ही सांगू ते कधीच मानणार नाही. मी आत शिरले, पदरानं पातेलं धरलं आणि खाली उतरवलं.

ती बाई रडायलाच लागली. "अपशकुन केला वो बाई, कावून असं केलं?" मामा मागच्या दारानं अंगणात पळाला आणि चुन्याच्या बादलीसकट शिपायाच्या अंगावर आदळला. ठाण्यात आणला तेव्हा दोघेही पांढरेफटक होते. दूध मी त्या पोरांना पाजलं.

चौकशीत मामा मुळीच घाबरला नाही. "बाईसाहेब, मी कोनाचा एक पैसा घेतला का? पूजा करू देली. पूजा करनं गुन्हा हाय का?"

त्याचं म्हणणं वरवर खरं होतं. पैसा नाही, पावती नाही. माणसं कुठं आहेत म्हटलं, की ज्याच्या-त्याच्या पायानं गेली, एवढंच उत्तर. हवालदारांना हात चालवायची घाई झाली होती. मी त्यांना चहा सांगायला बाहेर पाठवलं.

दरम्यान चौथ्या कुटुंबातल्या नवऱ्याला मी विचारलं, आधी काय काम करत होतास? तोही त्या दोघींच्या नवऱ्यांसारखा मँगनीजच्या खाणीतला. स्टेशनवर रोज शेतकरी उतरत, गिरणीतले कामगार उतरत, पण मामानं प्रत्येक वेळी खाणकामगारच उचलला होता. एवढं निवडून माणूस घ्यायचा तो कशाला? दगड फोडायला. भिलाईच्या आसपास खाजगी खदानी बऱ्याच होत्या. कोणती, ते मला ठाऊक नव्हतं. पण मामाला हे कळण्याची गरज नव्हती.

मी आत येऊन टेबल आवरू लागले. त्याच्याकडे न पाहता, कंटाळल्यासारखं विचारलं, "खदानीवर माणसांना भाकरी कोण देतो? का तेही उपाशीच?"

"उपाशी कावून राहतीन? मुकादम देते ना दोन टायम," तो म्हणाला. मग त्यानं जीभ चावली.

मोठी गोष्ट ठाऊक आहे असं धरून लहान गोष्ट विचारावी. उपाशी ठेवल्याचा आरोप त्याला झोंबला; अपमान झाला, की माणूस लहान गोष्टीत खरं बोलतो. त्यानंतर फारसं काही उरलं नव्हतं. चहा संपायच्या आत जामुल गावाच्या पलीकडची जागा कळली. माणसं तो मुकादमाला पुरवत होता आणि त्यांची मजुरी स्वतः उचलत होता. त्यानं लुटली ती मेहनत.

जीप काढली. मंजुळा हट्टानं मागे बसली. रस्ता खडबडीत, तिची अवस्था तशी. मी चालकाला सावकाश म्हणत होते आणि ती जोरात म्हणत होती.

खदानीवर कुंपण नव्हतं, पहारा नव्हता. पांढऱ्या धुळीत माणसं घण चालवत होती. मुकादमानं आम्हाला पाहून तोंड लपवलं. मंजुळाचा नवरा ओळखू आला तो तिनं हाक मारली म्हणून. मी त्याला म्हणाले, चल, बस गाडीत, तू सुटलास.

तो मागे सरला. "नाई बाई. ट्रायल पुरी नाई झाली. मी आता आलो तर क्वार्टर जाईन." आमच्याकडे संशयानं पाहून तो परत घण उचलू लागला. त्याला वाटलं, ही कारखान्याची परीक्षाच आहे, आणि आपण तीत पास होणार आहोत. बाकीचे दोघेही जागचे हलले नाहीत. हाती वर्दी, जीप, कायदा असूनही मला त्या माणसाला एक पाऊलभर हलवता येईना.

मंजुळा दगडांवरून सावरत त्याच्यापर्यंत गेली. "क्वार्टर आपलं नाई," ती म्हणाली. "माह्या आधी एकीचं दूध उतू गेलं तेथं, माह्या मंग एकीचं. मी डोयानं पाह्यलं."

त्यानं उचललेला घण खाली टेकवला. "मंग मी कोनाची नोकरी करून राहिलो होतो?"

"ते या बाईले मालूम. तू चाल. माह्या पोटात दुखून राहिलं."

घण तिथंच पडला. मुलगी झाली ती दुर्गच्या सरकारी दवाखान्यात, आणि बाप बाहेर धुळीच्याच कपड्यांत बसला होता. पुढे मामाला शिक्षा झाली, मुकादमाला मजुरी भरून द्यावी लागली, आणि मंजुळाचा नवरा रीतसर रांगेत उभा राहून कारखान्यात खलाशी, म्हणजे हाताखालचा मजूर, म्हणून लागला. त्यांना क्वार्टर मिळायला वेळ लागला, पण मिळालं.

या प्रकरणानं माझी चौकशीची पद्धत बदलली. आधी मी फसलेल्या माणसाला विचारत असे, तुझं काय घेतलं? त्याला बहुतेक उत्तर नसायचं, कारण अजून काही गेलंय असं त्याला वाटतच नसे. त्यानंतर मी विचारू लागले, तुला काय दाखवलं? मग माणसं भरभरून बोलत. भिंत, खिडकी, नळ, अंगण. आणि जितकं भरभरून बोलत, तितकी मला काळजी वाटे. परमुलखात छप्पर शोधणारा माणूस मूर्ख नसतो. एकदा मनानं त्या घरात राहायला गेला, की फसवणाऱ्याचा पहारा तो स्वतःच करू लागतो. त्याला बाहेर काढायला पोलीस पुरत नाहीत. घरचं माणूस लागतं.

म्हणून जुई, ते फोटो मला पाठव. त्या घरात तू पडदे कुठले लावायचे ठरवले आहेस, तेही लिही.