मोर्व्याच्या पुढची सावली

फाल्गुनातल्या एका मंगळवारी सकाळी मी देवपूजा आटोपली, चहा घेतला आणि ऑफिसला निघायला पाऊण तास होता म्हणून कॉम्प्युटर लावला. हा ब्लॉग ज्या सॉफ्टवेअरवर चालतो त्याची नवी आवृत्ती महिनाभरात येणार, अशी सूचना आली होती. सूचना इंग्रजीत होती. आमच्या जिल्हा परिषदेच्या शाळेत इंग्रजी पाचवीपासून होतं, त्यामुळे मी शब्दकोश शेजारी ठेवून वाचतो.

नव्या सोयी चार होत्या. लिहिताना खाली शब्दांची मोजणी दिसणार. फोटो उचलून मागेपुढे करता येणार. मजकूर दर मिनिटाला आपोआप जपला जाणार, म्हणजे वीज गेली तरी रडायचं कारण नाही. आणि चौथी : यापुढे लेखात केलेला प्रत्येक बदल साठवला जाईल, लेखाचं आधीचं रूप नाहीसं होणार नाही.

चौथी सोय मी तीनदा वाचली. मग शब्दकोशात पाहिलं. अर्थ तोच होता.

जुन्या वाचकांना माझा दोन वर्षांपूर्वीचा ‘अनवाणी देवीला’ हा लेख आठवत असेल. पत्नीचं, सुलोचनाचं, पित्ताशयाचं ऑपरेशन होतं तेव्हा मी नवस बोललो होतो, की ती सुखरूप घरी आली तर आमच्या मुर्धा गावाहून चौकच्या अलीकडच्या टेकडीवरच्या देवीला अनवाणी चालत जाईन. ती आली. मी गेलो. लेख लिहिला. या ब्लॉगवर सर्वांत जास्त वाचला गेलेला लेख तोच. सुलोचनाच्या माहेरी, राई गावात, तो मोठ्याने वाचून दाखवला गेला.

त्यात वाटेतल्या मोर्वा गावाबद्दल एक वाक्य आहे : ‘मोर्व्याच्या पुढे पायांना रस्ता जाणवेनासा झाला.’

हे खरं आहे. मोर्व्याच्या पुढे मी बसमध्ये होतो.

माझे वडील मिठागरात जन्मभर अनवाणी राबले. त्यांच्या तळपायाखाली काटा मोडायचा, शिरायचा नाही. मी सव्वीस वर्षं हाटकेशच्या एका कारखान्यात टेबलावर हिशोब लिहितो, बुटांत. मोर्व्याच्या थांब्यापर्यंत दोन्ही टाचांना फोड आले होते. मी नुसता उभा होतो. बस आली, थांबली. मी हातसुद्धा दाखवला नव्हता. देवीच्या आधीच्या थांब्यावर उतरलो आणि उरलेलं चाललो. घरी आल्यावर सुलोचनाने पाय पाहिले आणि कोमट पाण्याचं घमेलं आणलं. त्या घमेल्यात पाय असताना बसचा विषय काढणं मला जमलं नाही.

तर त्या मंगळवारी माझ्या लक्षात आलं, की लेख खरा करायला आता महिनाच उरला आहे. पुढे केलेला बदल सगळ्या वाचकांना कायमचा दिसत राहणार. लेख खरा करण्याचे मार्ग दोन : वाक्यं बदलायची किंवा चालायचं. मी चालायचं ठरवलं. वाक्यं राईत सगळ्यांना पाठ होती.

त्याच लेखाखाली त्या दिवशी एक प्रतिक्रिया आली होती. हाटकेशला राहणारे कुणी परब. दादरहून इकडे राहायला आलेले, विमा कंपनीत नोकरी. त्यांच्या पत्नीच्या गळ्यावरची गाठ साधी निघाली होती. ‘तुमचा लेख वाचूनच मी हाच नवस बोललो. लेखाची प्रत छापून ठेवली आहे. एकच विचारायचं होतं. मोर्व्यानंतर रस्ता कसा आहे? तुम्ही तिथे फक्त चिंचेच्या सावलीबद्दल लिहिलं आहे.’

मी उत्तर दिलं, ‘रस्ता चांगला आहे. रविवारी मी पुन्हा जातोय. बरोबर या.’

रविवारी सकाळी साडेसातला परब शेअर रिक्षाने मुर्ध्याच्या नाक्यावर उतरले. हातात छापील कागद, पाठीवर पिशवी, पायात नवे कोरे सँडल. ते त्यांनी नाक्यावरच काढून पिशवीत टाकले. सुलोचना मला सोडायला आली होती. तिने त्यांचे पाय पाहिले.

“भाऊ, ऊन व्हयाच्या आत मोर्वा गाठा. आमचे हे मागच्या येलंला गेले तं आठ दिवस पाय भुईला टेकवत न्हवते.”

“वहिनी, मी सगळं वाचलंय,” परब म्हणाले. “बावीस वेळा तरी.”

ज्यांना जायचं आहे त्यांच्यासाठी : मुर्धा ते देवी साधारण सात किलोमीटर, सावकाश अडीच तास. भाईंदर पश्चिमेहून चौककडे जाणाऱ्या बस याच रस्त्याने जातात, त्यामुळे वाट चुकण्याची भीती नाही आणि मोह टळत नाही. राईपर्यंत डाव्या-उजव्या हाताला घरं, दुकानं, थोडी नवी बांधकामं. बांधकामापाशी खाली बघून चाला, खडी सांडलेली असते. राईत एका टपरीवर गरम वडापाव मिळतो. परबांनी दोन खाल्ले. माझा उपास होता म्हणून मी केळं घेतलं.

“इथे लेखात लिहिलंय, ‘राईच्या तळ्याकाठी क्षणभर मन थांबलं,’” परब कागदातून वाचत म्हणाले. “थांबूया?”

थांबलो. मन काही थांबलं नाही, पण तळवे गार झाले.

राई ते मोर्वा मिठागरांच्या बाजूने वारा लागतो. नऊच्या सुमाराला मोर्व्याच्या थांब्यावर पोचलो. टाचा दुखत होत्या, फोड मात्र आले नव्हते; आठवडाभर मी घरात अनवाणी फिरून सराव केला होता. थांब्यावर एक म्हातारी बोंबलाची रिकामी टोपली घेऊन बसली होती.

“कुठं चालले, बाबा?”

“देवीला, चालत.”

“आन बस आली का?” ती म्हणाली आणि आलीच. थांबली. ड्रायव्हर खिडकीतून ओरडला, “चलो काका, खाली आहे गाडी! पाय भाजतील!”

परबांनी माझ्याकडे पाहिलं. मी बसकडे पाहिलं. खिडकीजवळची जागा रिकामी होती, मागच्या वेळचीच असावी. मी मान हलवली. म्हातारी चढली, पायरीवरून वळून आम्हाला म्हणाली, “देवी काय पलून जात न्हाय, बसा की,” आणि बस गेली.

आता मोर्व्याच्या पुढचं. हा भाग मी पहिल्यांदाच लिहितो आहे. रस्ता डांबरी आहे आणि दहाच्या आधीच तापतो. कडेची माती बरी, पण तिच्यात बारीक काच आहे. चढ लागतो. चढावर परब एक पाय उचलून उभे राहिले, मग दुसरा.

“म्हात्रेसाहेब, ती चिंचेची सावली कुठे आहे?”

“ती पाहा.”

चिंचा होत्या. रस्त्यापासून बऱ्याच आत, एका वाडीच्या कुंपणापलीकडे, ओळीने. सावली शेतात पडत होती.

“रस्त्यावर नाही पडत?”

“नाही.”

“संध्याकाळी पडते का?”

इथे मला ‘हो’ म्हणता आलं असतं. परब संध्याकाळी येऊन बघणार नव्हते. पण ते बगळ्यासारखे एका पायावर उभे होते, माझं वाक्य हातात धरून.

“परब, हा भाग मी बसमधून पाहिला,” मी म्हणालो. “मोर्व्यापासून देवीच्या आधीच्या थांब्यापर्यंत. खिडकीतून सावली जवळ वाटली.”

त्यांनी कागदाची घडी केली. खिशात घातली. पुन्हा काढली, उघडली, आणि ते वाक्य वाचलं. “पायांना रस्ता जाणवेनासा झाला,” असं म्हणून माझ्याकडे पाहिलं. “खोटं नाही म्हणता येणार.”

“नाही.”

“घरी माहीत आहे?”

“नाही.”

“मी बायकोला सांगितलं, कुणी परका माणूस आपल्या बायकोसाठी चालला, ते वाचून मी तुझ्यासाठी नवस बोललो.” ते मटकन कडेच्या दगडावर बसले. दगड तापलेला होता, लगेच उठले. “आता मी काय करू? पुढची बस पकडू?”

“तुमची इच्छा.”

“पकडली तर मला तुमच्यासारखं लिहावं लागेल,” परब म्हणाले आणि चालायला लागले.

वाटेतल्या डोंगरी गावात एका घरासमोर नळ वाहत होता, तिथे पायांवर पाणी घेतलं. घरातल्या बाईंनी न विचारता तांब्या आणून ठेवला. देवीच्या पायऱ्या चढताना परब माझ्या पुढे होते. त्यांच्या उजव्या टाचेला रक्त होतं. मी आत जाऊन हात जोडले. जे मागायचं ते दोन वर्षांपूर्वीच मिळालेलं होतं, म्हणून नुसता उभा राहिलो. गाभाऱ्यातली फरशी थंडगार होती.

खाली चौकच्या बाजूला बांबूंवर बोंबील वाळत होते आणि समुद्राचा वारा होता. एका खानावळीत परबांनी बोंबलाचं कालवण आणि भात खाल्ला, मी साबुदाण्याचे वडे. परतीचा प्रवास बसने, चपला घालून. त्याला नवसाची आडकाठी नाही.

बसमध्ये मी परबांना एवढ्या घाईचं कारण सांगितलं. ते पहिल्यांदाच हसले.

“अहो, ती चौथी सोय मी वाचलीय. जुनं रूप वाचकांना नाही दिसणार. लॉगिन करून आत गेल्यावर फक्त तुम्हाला दिसेल.”

“फक्त मला?”

“फक्त तुम्हाला. उगाच पाय भाजलेत.”

मी खिडकीतून बाहेर पाहिलं. मिठागरं बसमधून छान दिसतात. हे मी पूर्वी लिहिलेलं आहे.

घरी सुलोचनाने घमेलं तयार ठेवलं होतं. या वेळी पाय पाण्यात बुडवायच्या आधीच मी तिला बसबद्दल सांगितलं. ती पाटावर बसली होती. तिने पाण्यात हात फिरवून ऊब बघितली.

“म्हंजे नवस आज फिटला.”

“हो.”

“मंग दोन वर्सं मी कुनाच्या भरवशावर बरी हाय?”

ती उठून आत गेली. थोड्या वेळाने राईला फोन लावल्याचा आवाज आला. आपल्या भावाला ती सांगत होती, की यांनी पुन्हा एकदा केलं, या वेळी सगळं. ‘सगळं’ म्हणजे काय, ते तिने त्याला समजावून सांगितलं.

परबांच्या प्रतिक्रियेखाली मी त्याच दिवशी लिहिलं : ‘सावली नाही. पाण्याच्या दोन बाटल्या न्या.’ मूळ लेखाला मात्र हात लावला नाही. लावता आला असता, पण जुनं रूप तेव्हा पुसलं गेलं असतं, आणि वर्षभराने मला स्वतःलाच वाटायला लागलं असतं की मी पहिल्यापासून खरंच लिहिलं होतं. मी मला ओळखतो. म्हणून थांबलो.

नवी आवृत्ती काल आली. बसवायला वीस मिनिटं लागली. आज सकाळी पूजा झाल्यावर मी तो लेख उघडला, चिंचेची सावली काढली, आणि पायांच्या वाक्याच्या जागी लिहिलं : ‘मोर्व्याला मी बसमध्ये चढलो.’ खाली शब्दांची मोजणी कमी झालेली दिसली. सुलोचनाला बोलावून वाचून दाखवलं. ती म्हणाली, दाबा. मी बटण दाबलं.