वसंताच्या पिवळ्या चिठ्ठ्या

फोनवर नाव वसंताचं होतं आणि आवाज दुसऱ्याचा. मी पथारीवर उभा होतो. पथारी म्हणजे मोकळ्या माळावर ओली मिरची पसरून वाळवायची जागा, नंदुरबारच्या बाहेर आम्हा मिरचीवाल्यांच्या अशा जागा आहेत. ऊन चढलेलं, बाया देठ खुडत बसलेल्या. मी म्हटलं, बोल रे, आता काय अक्कल शिकवायची राहिली? तिकडून कोणी अनोळखी माणूस म्हणाला, "काका, मी शहाद्याच्या एसटी स्टँडवरून बोलतोय. हा फोन ज्यांचा आहे ते बाकावर बसल्या बसल्या…" पुढचं मी ऐकलं की नाही आठवत नाही. वसंता कोणाचा तरी कॉम्प्युटर दुरुस्त करून परत निघाला होता. स्क्रू-ड्रायव्हरची पिशवी मांडीवर होती, म्हणे, आणि गाडी लागली तरी उठला नाही. माणसांना वाटलं डोळा लागलाय. कंडक्टरने हाक मारली तेव्हा कळलं… फोनच्या काचेवर मात्र वसंताचं नाव तसंच दिसत होतं, तो बोलत असल्यासारखं. मी फोन खाली ठेवला, पण बंद केला नाही. पलीकडचा माणूस बराच वेळ हॅलो हॅलो करत राहिला.

वसंता माझा शालक, माझ्या बायकोचा, सुमनचा, पाठचा भाऊ. मला दाजी म्हणायचा आणि दाजी म्हणता म्हणता अपमान करायचा. आमचं लग्न झालं तेव्हा पोरगाच होता. पहिल्या आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, बहिणीला माहेरी न्यायला मुराळी म्हणून तोच आला. मिरचीचा हंगाम संपायचा होता, मी म्हटलं आत्ता नाही, पंधरवड्याने ये. तो ओट्यावर बसला आणि म्हणाला, "अक्काले लेवाले वनू, लीसनच जासू." न्यायला आलोय तर नेल्याशिवाय हलणार नाही, म्हणे. भांडला नाही, रडला नाही. समोर ढीग पडला होता, त्यातली पांढरी पडलेली मिरची, तिला आम्ही फटकी म्हणतो, ती एकेक वेचून बाजूला टाकायला लागला. त्या ढिगात फटकी फार निघाली होती आणि मी तो अख्खा ढीग मातीमोल विकून मोकळा होणार होतो. संध्याकाळपर्यंत त्याने निम्मा ढीग निवडला आणि हात सुजवून घेतले. मी सुमनला म्हटलं, जा बाई, नाहीतर तुझा भाऊ माझ्या घरात वस्ती करेल. तेव्हापासून आमचा वाद एकच. मला बिघडलेली गोष्ट मुळासकट काढून टाकायची सवय, त्याला त्यातली निवडत बसायची.

पुढे त्याने नंदुरबारला स्टेशनकडे कॉम्प्युटर दुरुस्तीचं छोटं दुकान टाकलं. मिरचीवाल्यांचे कॉम्प्युटर म्हणजे त्याचं हुकमी गिऱ्हाईक. आमच्याकडे हवेतच मिरची असते, ती पंख्यातून आत जाते. तो डबा उघडायचा आणि सगळी पेढी शिंकायला लागायची. "दाजी, याच्यात भाजी फोडणीले टाकता येई," असं म्हणायचा. मी स्वतः कॉम्प्युटर घ्यायला तयार नव्हतो. चौथीपर्यंत शिकलेला माणूस मी, तोंडी हिशोबात कोणी मला हरवलेलं नाही. पण बिलं त्याच्यावरच करायची वेळ आली तेव्हा त्याने एक मशीन आणून ठेवलं, सुमनच्या जुन्या लुगड्याची खोळ शिवून घातली आणि विचारलं, "सुरू कयं का नाव दिसस. तुम्हनं टाकू?" मी म्हटलं, त्या डब्यावर माझं नाव नको. मग त्याने त्याचंच टाकलं. रोज सकाळी बटण दाबलं की काचेवर वसंत अशी अक्षरं यायची आणि मी त्याच्या नावातून आत जायचो. इतकी वर्षं तसंच चाललं.

या मशीनमध्ये काही गोष्टी विकत न घेता आधीपासूनच असतात. आकडेमोडीचं यंत्र, फोटो बघायची खिडकी, घड्याळ. त्या अधूनमधून रुसतात. दाबलं की खिडकी डोळ्याच्या पापणीसारखी उघडते आणि मिटते, बस्स. माझ्या शेजारच्या व्यापाऱ्याची अशीच फोटोची खिडकी रुसली. बाहेरगावच्या कोणी तरी कारागिराने सगळं पुसून नव्याने भरून दिलं. खिडकी उघडली, पण त्याच्या मुलीच्या हळदीचे फोटो गेले. वसंता हे ऐकून दोन दिवस चिडलेला होता. मला म्हणाला, "दाजी, दारनी कडी अडकनी तर कडीले तेल द्या. घर कसाले पाडतस?" मी म्हटलं, तू मला नको शिकवू, एकदाचं नवं केलं की कटकट मिटते. तो म्हणाला, "तुम्ले तर नवी बायको बी चाली." सुमन आतून ओरडली, त्याले चहा देऊ नका.

त्याने मला जबरदस्तीने शिकवलं ते असं. सेटिंगमध्ये जायचं, तिथं सगळ्यांची नावं असतात, जी रुसली तिचं नाव शोधायचं, आतल्या पानावर खाली उतरायचं. तिथं एकाखाली एक बटणं येतात. मला इंग्रजी वाचता येत नाही, म्हणून त्याने बोट ठेवून दाखवलं. वरचं रिपेअर, खालचं रीसेट. मी विचारलं, फरक काय? त्याने बोट काचेवरून काढून माझ्यावर रोखलं. मग म्हणाला, "वरना बटननी मानूस बरा व्हस. खालना बटननी बी बरा व्हस, पन मंग कोन्हाले वळखत नही." म्हणून आधी वरचं दाबायचं. त्यानेही नाही झालं तर एक निळी खिडकी उघडून त्यात एक ओळ लिहायची असते, ते काम त्याचं. तेही हरलं तर नव्या नावाने आत जायचं. घर तेच, खोली नवी, नव्या खोलीत सगळं चालतं. "पन जुनी खोली पाडानी नही," एवढं मात्र तो दरवेळी बजावायचा.

चिठ्ठ्यांचं सांगतो. त्याच मशीनमध्ये पिवळ्या चिठ्ठ्या असतात, काचेवर चिकटवून ठेवता येतात. फोनवर मी त्याचं ऐकायचो नाही, म्हणून आला की तो माझ्यासाठी चिठ्ठ्या लिहून जायचा, आपल्या बोलीत, मराठी अक्षरांत. "दाजी, वायर वढीसन बंद करू नका." "बीपीनी गोळी खादी का?" "अक्का, दाजीले चहामा साखर कमी टाक." सुमनला वाचता येत नाही. पेढी घराच्याच पुढच्या खोलीत, त्यामुळे सकाळी मशीन सुरू झालं की ती चहा घेऊन दारात उभी राहायची. "काय म्हनस मन्हा भाऊ?" मी चष्मा लावून एकेक अक्षर जोडत वाचायचो. ती काचेकडे बघून उत्तर द्यायची, "साखर कमी टाक म्हने. तुन्हा बापनी साखर शे का?" मी म्हणायचो, अगं त्याला ऐकू जात नाही. ती म्हणायची, तुम्ही वाचा.

तो गेला त्या दिवशी त्याच्या घरी, देह ठेवला होता त्या जागेवर, दिवा लावून पीठ पसरलं आणि वर टोपली झाकली. सकाळी टोपली उचलून पिठावर कसली पावलं उमटली ते बघतात, माणूस पुढं कशाच्या जन्माला गेला ते त्यावरून कळतं, असं मानतात. बायांनी वाकून पाहिलं. कोणी म्हणालं चिमणीचा पाय आहे, कोणी म्हणालं लहान मुलाची टाच. मी पाहिलं आणि म्हटलं, यावरून नुसती मुंगी चालून गेली आहे. सुमन त्यानंतर चार दिवस माझ्याशी बोलली नाही.

बोलली ती पेढीच्या दारात येऊन. मी मशीन सुरू केलं, वसंत अशी अक्षरं आली, मी आत गेलो. चिठ्ठ्या होत्या तिथंच होत्या. ती उभी होती, हातात चहा. मला वाटलं विचारणार नाही. तिने विचारलं, रोजच्यासारखं, "काय म्हनस मन्हा भाऊ?" मी वाचलं. गोळीचं वाचलं, साखरेचं वाचलं. खाली शेवटी एक होती, "परत वनू का पंखा साफ करसू." तीही वाचली. ती मान हलवून आत गेली. मग रोज वाचत राहिलो. माणूस मेल्यावर त्याच्या शिव्या खायला बरं वाटतं हे मला माहीत नव्हतं… कधी कधी वाचताना माझा आवाज त्याच्यासारखा यायचा आणि मीच मागे वळून बघायचो.

मग एका सकाळी चिठ्ठ्या दिसेनात. मी काचेच्या तळाशी असतो त्या चिठ्ठ्यांच्या पिवळ्या चौकोनावर दाबलं. काचेवर पिवळं काही तरी उमटलं आणि मिटलं. परत दाबलं. परत तसंच. कोणी तरी दाराच्या फटीतून बघावं आणि आपण बघितलं की मागे सरावं, तसं. सुमन म्हणाली, "काही बोलना नही का?" मी म्हटलं, थांब. आकड्यांचं यंत्र दाबलं, तेही मिटलं. फोटोही. बाजारातल्या एकाने फोनवर सांगितलं, सगळं पुसा आणि नव्याने भरा, अर्ध्या दिवसाचं काम. आयुष्यभर मी हेच म्हणत आलो होतो. त्याला म्हटलं, माझ्या पेढीत पाय ठेवू नकोस.

चष्मा पुसून मीच बसलो. नावांच्या यादीत आकड्यांच्या यंत्राचं चित्र ओळखलं, खाली उतरलो, वरचं बटण दाबलं. यंत्र उघडलं. फोटोची खिडकी उघडली. पिवळ्याचं वरचं बटण दाबण्याआधी वरचं कुठलं ते दोनदा बघून घेतलं, खालचं फार जवळ होतं. दाबलं. बाजूला बरोबरची खूण आली. पण चिठ्ठ्या उघडल्या नाहीत.

तेव्हा नवापूरच्या इब्राहिमभाईंना बोलावलं. ते वसंताचे धंद्यातले जुने दोस्त, सुट्या भागांचं दुकान आहे त्यांचं. रेल्वेने आले. "बे मिनिट बसा, काका," असं म्हणून दुपारपर्यंत बसले. निळी खिडकी उघडून ओळी लिहिल्या. नाही. मग माझ्या नावाने नवी खोली काढली, मला विचारलंही नाही. तिथं सगळं चालत होतं, पिवळ्या चिठ्ठ्याही उघडल्या, पण कोऱ्या. ते परत वसंताच्या खोलीत गेले, चिठ्ठ्या जिथं साठतात ती फाइल शोधून बाहेर काढून पाहिली. मग खुर्ची मागे सरकवली. "काका, फाइलच बिघडली आहे. आहे, पण वाचता येत नाही. मला तरी नाही येत. उद्या कोणी माझ्याहून जाणता भेटला तर सांगता येत नाही. खालचं बटण दाबलं तर हे उघडेल लगेच. पण कोरं."

सुमन दारात उभी होती. तिला बटणातलं काही कळत नाही, पण एवढं कळलं. तिने इब्राहिमभाईंना नाही, मला विचारलं. "त्यामा शे ना तो?"

मी पिठावर मुंगी पाहिलेला माणूस. आहे म्हणू की नाही म्हणू? इब्राहिमभाई काचेकडेच बघत राहिले. मी म्हटलं, "शे."

"मंग ऱ्हाऊ द्या," ती म्हणाली.

खालचं बटण कोणी दाबलं नाही. इब्राहिमभाई दुपारी आमच्याकडेच जेवले. जाताना एवढं म्हणाले की वसंतानेही हेच केलं असतं, आणि मग चपला शोधत राहिले, त्या त्यांच्या पायातच होत्या.

आता मशीन सुरू केलं की काचेवर नावं येतात, एक त्याचं, एक माझं. काम माझ्या नावात चालतं. बिलं तिथं, वजनं तिथं. पण सकाळी मी आधी त्याच्या नावात जातो. पिवळ्या चौकोनावर दाबतो. उजेडाचा एक तुकडा येतो आणि जातो. सुमन दारातून आत येते, माझ्या खुर्चीमागे उभी राहते. आता ती मला वाचा म्हणत नाही. तीच काचेकडे बघून त्याला सांगते. बाजारात काय भाव फुटला, कोणाच्या घरी लग्न निघालं, त्याची थोरली मुलगी काल येऊन गेली आणि नीट जेवली, दाजी गोळी खातात पण थुंकल्यासारखं तोंड करतात… माझा हात तोवर मांडीवर असतो. तिचं झालं की ती पदराने काचेवरची मिरचीची धूळ पुसते आणि मला म्हणते, "करा आते तुम्हनं काम."