जोडी म्हणून दिलेल्या दोन माद्या

शहापूरच्या मासेवाल्यानं मला फसवलं. नर-मादीची जोडी म्हणून त्यानं माझ्या हातात दोन माद्या दिल्या. हे आधीच सांगून टाकतो, कारण गावात वेगळंच बोललं जातं. म्हाताऱ्याला मासे पाळायचा नाद लागला आणि तोही जमला नाही, असं. जमला नाही हे खोटं आहे. जमू दिला नाही.

मी बैलांचा हेडी, जनावरांचा व्यापारी. म्हणजे होतो. किन्हवलीपासून मुरबाडच्या पलीकडं म्हशापर्यंत कुणाला जोड घ्यायची असली की माणूस माझ्या दारात यायचा. बाप दुसऱ्याची गुरं राखत मेला. मला धंदा कुणी शिकवला नाही. बाजारात लोकांच्या मागं उभा राहून शिकलो. दात उघडून वय सांगायचं, चालवून खूर बघायचा. शिंगांना तेल चोळलेलं, मीठ चारून वर पाणी पाजून पोट फुगवलेलं जनावर मी लांबून ओळखायचो. आता वावरात टिलर फिरतो. उरलेसुरले बैल गाडीत भरून न्यायचे तर रस्त्यात चार ठिकाणी चार जण अडवतात आणि प्रत्येकाशी भांडावं लागतं. भांडायची मला सवय आहे, पण कंटाळा आला. डॉक्टर म्हणाला, घरी बसा, ओरडू नका. कल्याणला दिलेल्या मुलीनं तिच्या घरातली दोन फुटी काचेची टाकी आणून दिली. "बाबा, याच्याकडं बघत बसा, राग उतरतो."

नुसतं बघत बसणं मला येत नाही. मी ठरवलं, पिल्लं काढायची. विकायला नाही. बैल गेले तशी माझी नजरही गेली का, तेवढं मला कळायला हवं होतं. आयुष्यभर त्या एका नजरेवर जेवलो. ती गेली असेल तर माझ्याकडं दुसरं काय आहे?

मोबाइलवर बघून जात निवडली. रॅम म्हणतात तिला. सिक्लिड नावाच्या माशांतला बुटका मासा, बोटाच्या दोन पेरांएवढा. मोठे सिक्लिड मारामाऱ्या करतात, दोन फुटांत मावत नाहीत. हा मावतो. नर आणि मादी मिळून सपाट दगड घासूनपुसून साफ करतात, त्यावर अंडी घालतात आणि दोघं राखण करतात. मला ते आवडलं. बैलांत असलं काही नसतं.

शहापूरला त्या दुकानात गेलो. दुकानदार तिशीचा, बोलायला गोड. मला हव्या त्या टाकीकडं मी बघितलंच नाही. आधी गप्पींची चौकशी केली, मग गोल्डफिशला नावं ठेवली, आणि जाता जाता विचारल्यासारखं म्हटलं, "हे बारके काय रे?"

"रॅम, काका. नाजूक मासा. तुमाला नाय जमायचा."

हा टोमणा मी ओळखायला हवा होता. बाजारात आम्हीच तो वापरतो. गिऱ्हाईक चिडलं की हात सैल सुटतो.

"मला काय जमतं ते तू नको सांगू. जोडी दे. पिल्लं काढणारी."

टाकीत फिकट बरेच होते. एक मात्र निळ्या ठिणग्या अंगावर घेऊन फिरत होता. पाठीवरचा काटा ताठ, पोटाला लालीचा पत्ता नाही. मादीच्या पोटाला गुलाबी डाग असतो, तो नसला की नर, हे मला ठाऊक होतं. मी म्हटलं, "हा नर. आणि ती कोपऱ्यातली, पोट भरलेली, ती मादी."

"काका, नजर भारी हाय तुमची."

घरी येईपर्यंत बसमध्ये ती पिशवी मी मांडीवर धरून होतो.

दोघांचं पटकन जमलं. ओढ्यातून आणलेला चपटा दगड दोघांनी चोचीसारखी तोंडं मारून साफ केला. आणि एका दुपारी दगडावर राजगिऱ्याएवढी अंडी. मी बायकोला हाक मारली. ती ओटीवर तांदूळ निवडत होती. सूप घेऊनच आत आली, वाकून बघितलं आणि म्हणाली, "बैलांच्या शेपट्या पिळून झाल्या, आता माशांची बाळंतपणं करा."

दुसऱ्या दिवशी अंडी पांढरी पडायला लागली. मग त्यांच्यावर कापसासारखी बुरशी आली. मासे मात्र पंखांनी वारा घालत होते. एक दमला की दुसरा यायचा. अंडी गेली होती, हे त्यांना कोण सांगणार?

मी पाण्याला दोष दिला. आमच्या बोरचं पाणी जड, भांड्यावर पांढरा थर धरतं, डाळ शिजता शिजत नाही. बायकोचं माहेर मुरबाडकडचं. तिथल्या विहिरीच्या पाण्यात डाळ दोन शिट्ट्यांत लोण्यासारखी होते. रॅमला असंच हलकं पाणी लागतं. मग मी मोटरसायकलला दोन कॅन बांधून मुरबाडच्या फेऱ्या सुरू केल्या. मेहुणा विहिरीवर उभा राहून हसायचा.

"दाजी, आमच्या बहिणीला कदी एवडं माहेरचं पाणी पाजलं नाय तुमी."

"तू ओढ रे बाबा. बोलू नको."

"माशांना साडीचोळी पण करू का?"

कॅन उतरवताना कंबर धरायची. शाळेजवळच्या बदामाची वाळलेली पानं आणून पाण्यात घातली, पाणी चहासारखं झालं. पिंपातल्या डासांच्या अळ्या गाळून खायला घातल्या. देव्हारा टाकीच्या खोलीत होता. धुरानं पाणी बिघडतं म्हणून उदबत्ती बंद करायला लावली, तर बायकोनं देवच उचलून स्वयंपाकघरात नेले. पुन्हा अंडी झाली. पुन्हा पांढरी. त्यानंतरही तेच.

त्यात नराचा रंग उतरायला लागला. निळ्या ठिणग्या विझल्या, पोट जड झालं. मला वाटलं आजारी आहे. मिठाचं पाणी केलं, औषध आणलं. बायको केर काढता काढता थांबली.

"अहो, तुमच्या नराला दिवस गेलेत वाटतं."

"गप गो! जनावरातलं तुला काय कळतं?"

"मला नाय कळत. पण पोट कळतं."

मी इतका ओरडलो की शेजारचा दारात येऊन उभा राहिला. ती केर भरून गेली.

पुढच्या वेळी मी खुर्ची टाकीसमोर ओढून बसलो. मादी दगडावरून पोट घासत गेली, मागं अंड्यांची ओळ सोडून. मग नर आला. त्यानं तसंच पोट टेकलं, तसाच सावकाश सरकला, आणि त्याच्याही मागं अंड्यांची ओळ उमटली. त्याच्या पोटावर आता गुलाबी डाग होता. स्पष्ट, लग्नात गुलालाचं बोट लावतात तसा. दोघी आळीपाळीनं अंडी घालत होत्या आणि ती फळवायला त्या टाकीत कुणी नव्हतं.

बायकोला हाक मारावी असं वाटलं, मारली नाही.

दोघींना पिशवीत घालून शहापूर गाठलं. दुकानदारानं पिशवी उजेडाला धरली. एका क्षणात त्याला कळलं, ते मला त्याच्या तोंडावर दिसलं. तोंड वाचणं मला अजून येतं.

"रंगाचं औषध असतं, काका. माल येतो तिथूनच देऊन पाठवतात. त्यानं मादी पण नरासारखी रंगते. उतरलं की अशी दिसते."

"म्हणजे तुला माहीत होतं."

"सगळेच तसे येतात. निवडला तर तुमीच ना? मी बोट तरी दाखवलं का?"

"जोडी दे म्हटल्यावर जोडी म्हणून दिलीस."

"बदलून देतो. चिडू नका, बसा. पाणी पिता?"

"बदलून देशील तो नर कशावरून?"

"माशाची खात्री कोण देतो, काका?"

दुकानात दोन गिऱ्हाइकं होती, ती हसली. मी स्टुलावर बसलो. ओरडायचं होतं, पण दम लागला होता. पूर्वी असा बसलो नसतो. त्यानं दुसरी पिशवी पाण्यानं भरायला घेतली, मी ती घेतली नाही. माझ्या दोघी परत घेऊन निघालो. आता त्या टाकीत आहेत. परवा पुन्हा दगड घासायला लागल्या.

नजर गेली का, याचं उत्तर मला मिळालेलं नाही. तेल मी ओळखलं असतं, मीठ ओळखलं असतं. रक्तात घातलेला रंग कुठला दात उघडून बघायचा?

आमच्या बाजारात एक रीत होती. जनावराची खोड सौद्याआधी सांगायची. न सांगता दिलं आणि मागून निघाली, तर विकणाऱ्याला चार माणसांत उभं करायचे आणि एकच विचारायचे, तुला ठाऊक होतं की नव्हतं? ठाऊक नव्हतं म्हणाला तर घेणाऱ्याची नजर कच्ची म्हणून सोडून द्यायचे. ठाऊक होतं म्हणाला तर तो लबाड, पण मग घेणाऱ्याच्या नजरेला कुणी नाव ठेवायचं नाही. काहीतरी एक त्याला बोलावंच लागायचं. पाणी पिता का, हे उत्तर चालायचं नाही.

म्हणून दुकानदारा, मला तुझी दुसरी जोडी नको. तू किन्हवलीला ये. गावच्या लोकांना मी बोलावतो, माझ्या मेहुण्यालाही बोलावतो. त्या टाकीसमोर उभा राहा आणि त्यांच्या देखत सांग. तो मासा जाळीत धरून पिशवीत सोडलास, पिशवीला रबर लावलंस आणि माझी नजर भारी आहे म्हणालास, तेव्हा ती मादी आहे हे तुला ठाऊक होतं की नव्हतं?