वीस मीटरवरची थाप

भुताखेतांचं कोणी बोलायला लागलं की मी उठून स्वयंपाकघरात जाते. असल्या गोष्टींवर माझा कधीच विश्वास नव्हता. तरी हे वहीत लिहून ठेवतेय... तोंडाने सांगायचं धाडस होत नाही.

मी सध्या लेकीकडे, नीताकडे, अमेरिकेत हर्नडनला आहे. हे गेले तेव्हा तिचे व्हिसाचे कागद अडकले होते, तिला गावी येता आलं नाही. सहा महिने झाले. तेव्हापासून ती बाबांबद्दल एक शब्द बोलली नाही, रडलीही नाही.

त्या दिवशी सकाळी अकराला ती जेवणाच्या टेबलावर लॅपटॉप लावून बसली होती. मी समोर गवार मोडत होते. अंतराळात जाणारी माणसं दुसऱ्या गावात, खोट्या यानात बसून अंतराळातल्या स्टेशनजवळ जायची तालीम करत होती. नीताची नोकरीच ती; घरून ती त्यांना अंतर सांगत होती.

"खरं यान एकदा जाऊन आलंय, आई. तेच परत जाणार."

"म्हणजे आपल्या एस.टी.सारखं?"

"तसंच. फक्त खिडकीतून कोणी थुंकत नाही."

हे एस.टी.त कंडक्टर होते. गाडी मागे घेताना खाली उतरून ओरडायचे – "येऊ दे... येऊ दे... बास!" आणि पत्र्यावर दोन थापा.

"वीस मीटरला थांबवायचंय," म्हणून नीता आकडे वाचू लागली. चाळीस. तीस. तेवीसला ती गप्पच झाली. हल्ली बोलता बोलता ती अशी हरवते. तेवढ्यात माझ्या पाठीमागे पत्र्यावर दोन थापा पडल्या. "बास!" – यांचाच आवाज, तंबाखूने बसलेला.

"होल्ड!" नीता ओरडली.

तिकडे यान थांबलं. वीसवर. मी वळून पाहिलं – नुसती भिंत. या घरात पत्रा कुठेच नाही.

तिने माईक बंद केला. ती माझ्याकडे वळली. "आई... ऐकलंस ना तू? बाबा—"

सहा महिन्यांनी तिच्या तोंडी तो शब्द आला होता. आणि मी घाबरले. पोरीच्या डोक्यावर परिणाम होईल, नोकरी जाईल... काय काय मनात आलं. म्हटलं, "नाही गं. काय?"

तिचा चेहरा पडला. "काही नाही. सॉरी." माईक सुरू करून ती पुन्हा आकडे वाचायला लागली.

तो आवाज कुठून आला, मला आजही कळत नाही. मी तिला 'नाही' असं का म्हणाले, तेही... आता ती वरच्या खोलीत आहे. खरं सांगायचं म्हणून आज दोनदा तिच्या दारापर्यंत गेले, आणि परत खाली आले.