तालमीत आखलेला रस्ता

आमच्या कार्यालयात ‘समतोल विकास’ हे शब्द दिवसभर इतके कानावर पडतात, की घरी गेल्यावर भाकरीसुद्धा दोन्ही बाजूंनी समतोल भाजली आहे का, ते बघावंसं वाटतं. शहराभोवतालच्या गावांचा विकास आराखडा करणं हे माझं काम. घरं कुठं व्हावीत, रस्ते कुठून जावेत, शाळेला आणि मैदानाला जागा कुठं राखायची, हे सगळं घरं बांधायच्या आधी ठरवायचं असतं. कोल्हापुरात मात्र आधी घरं होतात, मग मंगल कार्यालय होतं, मग जिम होते आणि सगळ्यात शेवटी नकाशाची गुंडाळी घेऊन आम्ही पोचतो.

अशाच एका गावात माझं माहेर आहे. शहर आणि कागलकडची एमआयडीसी यांच्या मधे सापडलेलं हे गाव. लग्न होऊन मी शहरातल्या मंगळवार पेठेत आले, तेव्हा माहेरच्या दारातून उसाशिवाय काही दिसत नव्हतं. आता रो-बंगले दिसतात. गल्ल्या मात्र बैलगाडीच्या मापाच्याच राहिल्या. शाळेची बस आणि पाण्याचा टँकर समोरासमोर आले की दोघांपैकी एक ड्रायव्हर गाडी बंद करून चहाला जातो. सांडपाणी ओढ्यात आणि ओढा नदीत. तरीही गावाला नावं ठेवायची तर ती आम्हीच ठेवणार, बाहेरच्यानं ठेवलेली मला खपत नाहीत.

माझे थोरले काका, ज्यांना आम्ही आण्णा म्हणतो, ते गावाच्या शहराकडच्या टोकाला म्हशी राखतात. तिथं त्यांचा गोठा आहे. रोज संध्याकाळी ते म्हशी चालवत शहरातल्या दूध कट्ट्यावर नेतात. तिथं गिऱ्हाईक समोर उभं राहतं, त्याच्या डोळ्यांदेखत धार काढली जाते आणि फेसाळलेला ग्लास तसाच गरम हातात मिळतो. मिशीला फेस लागलेला माणूस कितीही मोठा असला तरी जरा बावळटच दिसतो, म्हणून लहानपणी मला तो कट्टा फार आवडायचा. आण्णा प्रत्येक अनोळखी माणसाला ‘पावणं’ म्हणत आणि एकाशी बोललेलं चौकभर ऐकू जाई. अजूनही जातं.

आमच्या आराखड्याचा कच्चा नकाशा गावात लावला, तेव्हा ग्रामपंचायतीसमोर बैठक झाली. गाव भडकलं. कुणी म्हणालं, हे बंद खोलीत ठरलंय, बिल्डरांना आधीच माहीत होतं. आमचे साहेब समजावून थकले. तेवढ्यात मागून आण्णांचा आवाज आला.

“सायेब, आमी गिऱ्हाइकासमोर धार काढतोय. पाणी घातलं का न्हाय, ते त्याला दिसतंय. तुमी बी तसंच करा की. हितं या, आमच्याम्होरं बसा आणि आखा.”

सगळे एकदम ‘व्हय, व्हय’ म्हणायला लागले. मला आण्णांचा इतका अभिमान वाटला, की सरकारी चेहरा करून बसणं अवघड झालं. साहेबांनी विचार केला आणि माझ्याकडे बोट दाखवलं. म्हणाले, “तुमचं माहेर आहे, तुम्हाला कुणी हाकलून देणार नाही.” माहेर म्हणजे काय ते साहेबांना ठाऊक नव्हतं.

ठरल्या रविवारी तालमीच्या ओसरीवर मी मोठा कागद अंथरला. लहानपणी त्या तालमीत आम्हा मुलींना डोकावूही देत नसत. आता तिथले पैलवानच माझा कागद वाऱ्यानं उडू नये म्हणून कोपऱ्यांवर नारळ ठेवत होते. आत लाल मातीचा वास होता आणि मी मनातल्या मनात खूश होते.

पहिला तास करमणुकीत गेला. मैदान पाहिजे, असं सगळ्यांचं म्हणणं होतं, पण ते भावकीच्या रानात. पाण्याची टाकी पाहिजे, पण पलीकडच्या आळीच्या अंगावर. मी पेन्सिल टेकवली की ज्याच्या रानावर ती टेकली तो उठून उभा राहायचा आणि बाकीचे समाधानानं मान डोलवायचे. मी चिडून म्हणाले, “सगळा विकास शेजाऱ्याच्या वावरात करायचा, तर शेजारचं गावच बोलवू का?” लोक हसले, पण कुणी एक पाऊलही मागं घेतलं नाही.

मग मोठ्या रस्त्याचं निघालं. हा रस्ता शहराकडून येऊन गाव ओलांडून एमआयडीसीकडे जाणार होता. त्याच्याखालून गटार आणि पाण्याची मोठी लाइन जायची होती. बौद्ध वस्तीतली एक ताई, शहरातल्या दवाखान्यात नोकरी करणारी, तोवर गप्प बसली होती. ती उठली.

“आजवर जो जो रस्ता आला, तो आमच्या वस्तीपाशी येऊन वळला,” ती म्हणाली. “का वळला ते सगळ्यांना म्हाईत हाय. कुणी आजारी पडलं तर आमी अजून खुर्चीत घालून बाहेर आणतोय. या खेपेला वळवू नका, एवढंच म्हणणं हाय.”

मी पट्टी ठेवली. वस्तीच्या तोंडाशी रस्ता पोचवायचा, तर शहराकडून तो सरळच यायला हवा होता. सरळ आला की तो आण्णांच्या गोठ्यावरून जात होता.

हे मला घरूनच माहीत असायला हवं होतं, असं कुणी म्हणेल. पण कच्च्या नकाशात तो रस्ता दुसऱ्या बाजूनं होता, आणि वस्ती अर्थातच बाजूला राहिली होती. आता पट्टीखाली गोठा होता. आण्णांचं दुसरं रान हायवेच्या पलीकडे आहे. तिथून म्हशी रोज संध्याकाळी हायवे ओलांडून शहरात नेणं शक्य नाही. गोठा गेला म्हणजे कट्टा गेला, आणि कट्ट्याशिवाय आण्णा म्हणजे काय, ते मला सुचेना.

रेघ जरा वाकवता आली असती. कारणही सापडलं असतं, जमिनीचा उतार म्हटलं की कुणी खोलात जात नाही. पण सगळं गाव माझ्या हाताकडे बघत होतं, आणि ती ताईही. खांबाला टेकून आण्णा बघत होते. मी त्यांच्याकडे न बघता रेघ सरळ ओढली.

“आण्णा, तुमचाच गोठा गेला की,” सरपंच हळूच म्हणाले.

“दिसतंय की मला,” आण्णा म्हणाले. “फुडं आखा.”

त्यानंतर भांडण असं झालंच नाही. मैदानासाठी एका चुलत्यानं स्वतःच्या रानाचा कोपरा दाखवला, त्याच्या बायकोनं त्याच्याकडे ज्या नजरेनं पाहिलं ती मी विसरणार नाही. टाकीचीही जागा ठरली. साहेब फोनवर ‘शाब्बास’ म्हणाले. हा आराखडा अजून मंजूर व्हायचा आहे, हरकती येतील, पण गावानं स्वतः बसून आखलेला तो पहिलाच. मला रडू येत होतं आणि लोक मला पेढे देत होते.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी मी कट्ट्यावर गेले. आण्णा म्हशीखाली बसले होते. मी शेजारी उभी राहिले. गिऱ्हाइकं कमी होईपर्यंत ते धारा काढत राहिले.

“आण्णा, राग आला का?” मी विचारलं.

“रेघ बरोबर हाय,” ते धारेकडे बघत म्हणाले. आवाज इतका खाली मी त्यांचा कधी ऐकला नव्हता. “त्या पोरीचं बी बरोबर हाय. तू वाकीवली असतीस, तर गावात तोंड दाखवायला जागा न्हवती मला. चार माणसांत मीच शिव्या घातल्या असत्या तुला.”

मला हायसं वाटलं. मी काहीतरी बोलणार, तेवढ्यात त्यांनी म्हशीच्या पाठीवर हात ठेवला.

“पण म्हसरं ऱ्हायली असती की गं,” ते म्हणाले.