न फोडलेलं कुलूप

चावीवाल्याच्या शटरवर कुणीतरी लाल रंगाने 'गद्दार' असं खरडून ठेवलं होतं. हीच गल्ली किल्ली हरवली की त्याला भरल्या ताटावरून उठवून न्यायची. आता तो दिसला की लोक रस्ता ओलांडत. ओलांडोत बापडे. खरा चटका बसला होता तो घरातून. बायको बॅग भरून भावाकडे निघून गेली होती आणि जाताना म्हणाली होती, "माझ्या भावाची नोकरी गेली, तर तुम्ही मला मेलात."

झालं होतं ते असं. सायकलच्या दुकानावरच्या खोलीत तिघंजण रोज सकाळी प्रार्थनेला बसत: हा चावीवाला, एक निवृत्त मास्तरीणबाई आणि एक बेकरीवाला. मारू नका, ही देवाची आज्ञा, आणि तिला लष्करही अपवाद नाही, एवढंच त्यांचं म्हणणं. शहराबाहेर बॉम्बचं कोठार होतं. तिथून गेलेले बॉम्ब परमुलखातल्या एका शाळेवर पडल्याची बातमी आली, तेव्हा मास्तरीणबाई म्हणाल्या, "इथे बसून पुष्कळ प्रार्थना झाली. आता तिथे जाऊन करू." नियम ठरले. काही मोडायचं नाही, कुणाला ढकलायचं नाही, पळायचं नाही, आणि विचारलं तर खोटं बोलायचं नाही.

सुट्टीच्या दिवशी सकाळी ते कोठाराच्या मागच्या फाटकाशी गेले. चावीवाल्याने दोन तारा घालून कुलूप उघडलं, साधा ओरखडा उठू दिला नाही. तिघं आत शिरले, आणि इथे या शहाण्याने घोळ घातला. उभा जन्म दुसऱ्यांची दारं उघडण्यात गेलेला. काम झालं की कुलूप परत लावायचं, कुणाचं दार उघडं टाकायचं नाही, ही त्याच्या हाताची खोड. त्याने गजांतून हात बाहेर काढला आणि कुलूप लावून टाकलं. मग तिघं भिंतीला टेकून प्रार्थना गात बसले. पहारेकरी गाणं ऐकून बाहेरून यायचे, कुलूप शाबूत बघायचे आणि आवाज शहरातून येतोय असं समजून पुढे जायचे. दुपारी मास्तरीणबाईंचा घसा बसला, तेव्हा बेकरीवाल्यानेच हाका मारून पहारेकऱ्याला बोलावलं.

धावत आला तो नेमका चावीवाल्याचा मेहुणा. त्या फाटकाची किल्ली त्याच्याच कमरेला.

आता बघा. कुलूप फुटलेलं नाही, फाटक बंद, माणसं आत, आणि पहाऱ्यावर आरोपीच्या बायकोचा भाऊ. किल्ली कुणी दिली, हे शेंबडं पोरही सांगेल. मेहुण्याला घरी बसवलं, चौकशी लावली. हातोड्याने कुलूप फोडलं असतं, तर तो निदान सुटला असता. पण नाही, आमच्या साधूंना काही मोडायचं नव्हतं! मोडलं ते बायकोचं माहेर.

खटल्याच्या दिवशी कोर्टाबाहेर जमलेल्यांनी शिव्यांची लाखोली वाहिली. एक म्हातारा, ज्याचा मुलगा लढाईवर होता, पुढे येऊन चावीवाल्याच्या तोंडावर थुंकला. चावीवाल्याने बाहीने गाल पुसला. त्याला राग आला, चांगलाच आला. प्रार्थना करणाऱ्यांना राग येत नाही, ही निव्वळ अफवा आहे.

सरकारी वकिलाला या तिघांत काडीचा रस नव्हता. त्याला फितूर हवा होता. त्याने चावीवाल्याला व्हरांड्यात बाजूला घेतलं.

"किल्ली मेहुण्याने दिली, एवढंच बोला. तिघंही दंड भरून संध्याकाळी घरी जाल. नाहीतर कुलूप काढल्याचा गुन्हा तुमच्या एकट्याच्या गळ्यात. दोन वर्षं आत."

"किल्ली नव्हती, साहेब."

"हे कोण मानणार?"

समोरच्या बाकावर मेहुणा बसला होता. बहिणीच्या लग्नापासून त्याने भाऊजींना कधी धड विचारलं नव्हतं. चारचौघांत त्यांना 'ध्यान' म्हणायचा. एक वाक्य बोललं, की या माणसाचा माज उतरतो आणि आपण सुटतो, असं चावीवाल्याच्या मनात आलं. एकदा नाही, चांगलं दोनतीनदा आलं.

पिंजऱ्यात उभं राहिल्यावर तो न्यायाधीशांना म्हणाला, "साहेब, ते कुलूप तुमच्यासमोरच आहे. मला माझ्या दोन तारा द्या."

वकील ताडकन उठला. न्यायाधीश वैतागून म्हणाले, "द्या हो. होऊन जाऊ दे तमाशा."

चावीवाल्याने तार कुलपात घातली. तार घसरली. मागे कुणीतरी फिदीफिदी हसलं. पुन्हा घसरली, आणि मेहुण्याने डोळे मिटून घेतले. मग खट्‌ झालं आणि कुलूप उघडलं. चावीवाल्याने ते क्षणभर हातात धरलं, आणि सवयीने परत लावून टेबलावर ठेवलं.

मेहुणा सुटला. मास्तरीणबाई आणि बेकरीवाल्याला काही महिन्यांची शिक्षा झाली, चावीवाल्याला दोन वर्षांची.

बेड्या घालून नेताना व्हरांड्यात मेहुणा आडवा आला. त्याच्या मागे चावीवाल्याची बायको उभी होती.

"मी पाया पडेन असं वाटत असेल, तर विसरा," मेहुणा म्हणाला. "बुडवलंतही तुम्हीच."

"खरं आहे."

"एक सांगा. असं तारेने उघडणार नाही, असं कुलूप कुठलं?"

"कोठारासाठी विचारत असशील, तर जीव गेला तरी सांगणार नाही."

"कोठार गेलं खड्ड्यात. माझ्या घरासाठी विचारतोय. ताई आता माझ्याकडेच राहणार. तुम्ही सुटून आलात, की माझं दार तुम्हाला उघडता कामा नये."

चावीवाल्याने बायकोकडे पाहिलं. ती फरशीकडे बघत होती. असं कुलूप बाजारात एकच होतं. त्याच्यापुढे त्याने कितीदा तरी हात टेकले होते. दुसऱ्या कुठल्याही कुलपाचं नाव घेतलं असतं, तर या दोघांना काय कळणार होतं?

"स्टेशनसमोरच्या दुकानात मिळेल," तो म्हणाला. "पितळी, जाड, दोन्ही बाजूंनी दाते असलेल्या किल्लीचं. महाग आहे, पण तेच घे. ते मलाही उघडता येत नाही."