केराबाईची सोलर पेटी

केराबाईचा दिवस पहाटे चारला सुरू होतो. पाणी भरून, भाकरी बांधून ती सातला खुरपणीला निघते. खांद्याला सोलरची पेटी, हातात घडीचं पॅनेल आणि मागं नवरा, धुळा. तिसरं ओझं म्हणजे तो स्वतः, असं धुळाच म्हणतो.

धुळानं आणि मी माढ्याजवळ खडीच्या मशीनवर एकोणीस वर्षं पाट्या वाहिल्या. धूळ दोघांच्या छातीत गेली, त्याच्या जास्त बसली. दुपारी एकदा आणि संध्याकाळी एकदा औषधाची वाफ घेतल्याशिवाय त्याला श्वास पुरत नाही. वाफेचं मशीन तळहाताएवढं आहे. त्याची आतली बॅटरी गेलेली, वायर जोडली तरच चालतं. वस्तीवर दिवसा वीज नसते. त्याला एकट्याला मागं सोडता येत नाही, आणि केराबाई घरी थांबली तर चूल पेटत नाही. म्हणून गेल्या वर्षी तिनं सोलापुरात भवानी पेठेतल्या अझरुद्दीनच्या दुकानातून पॅनेलची वीज साठवणारी ही पेटी आणली. पॅनेल उन्हात ठेवा, पेटीला ऊन लागू देऊ नका, एवढं त्यानं दोनदा सांगितलं.

पॅनेल फिरवायचं काम धुळानं मागून घेतलं. बसून खाणं त्याला जमत नव्हतं. बायकांची एक पात, म्हणजे खुरपायच्या ओळींचा पट्टा, बांधाला लागली की तो उठायचा, पॅनेल उन्हाकडे वळवायचा, परत बसायचा. एवढ्या उठण्याबसण्याला त्याला किती कष्ट पडायचे ते मी पाहिलं आहे. ते काम होतं.

बायका फोन चार्जिंगला द्यायच्या. केराबाई दोनच लावू द्यायची. आधी मशीनपुरती वीज. त्या बायकांतली रुपाली धुळाची चेष्टा करायची.

"मामा, सूर्य जरा बिगीनं हाका की. काल पाच वाजले तरी खाली उतरंना."

"तुजी पात उरकंना, त्याला सूर्य काय करील?"

यंदा फाल्गुनाच्या शेवटी केराबाई उन्हाळी भुईमुगाच्या खुरपणीला गेली. त्या रानाच्या बांधावर एकही झाड नव्हतं. धुळानं स्वतःच्या डोक्यावर टॉवेल घेतला आणि पेटीला घोंगडं गुंडाळलं, चारी बाजूंनी, नीट. मेंढरांमागं हिंडलेल्या घरातला माणूस. जपायची वस्तू घोंगड्यात ठेवायची, एवढं त्याला माहीत.

दोन वाजता त्यानं मशीन लावलं. चाललं नाही. हाक मारायला श्वास नव्हता, त्यानं हात वर केला. केराबाई पात टाकून धावली. घोंगडं सोडलं तर पेटी आतल्या आत कोंडून तव्यासारखी तापलेली, पडद्यावर जास्त तापल्याची तांबडी खूण.

तिनं फोन काढले, पॅनेलची वायर सोडली. मुकादम शिवबाईनं काम थांबवलं. चार बायकांनी घोंगड्याचे चार कोपरे धरून ते डोक्यावर ताणलं. खाली पेटी, धुळा आणि त्याची पाठ चोळत केराबाई. हात भरून आले की बायका हात बदलायच्या, कोपरा सोडायच्या नाहीत. धुळाचे ओठ काळे पडले होते. केराबाई सांगते, तिला तेव्हा काही वाटलं नाही. भीतीसुद्धा नाही. पाठ चोळायची, एवढंच कळत होतं. पंचवीस मिनिटांनी पेटी चालू झाली.

वाफ घेऊन झाल्यावर तो म्हणाला, "मी सावलीच केली हुती."

"व्हय," केराबाई म्हणाली. "म्हाईत हाय."

गेलेला वेळ बायकांनी संध्याकाळी थांबून भरून दिला. केराबाईची राहिलेली पात रुपालीनं अर्ध्यातून धरली.

दुसऱ्या दिवशी धुळा घरातून निघेना. आपण आता पॅनेल फिरवायच्याही कामाचे नाही, म्हणाला. केराबाईनं वाद घातला नाही. तीही दोन दिवस घरी राहिली. तिसऱ्या दिवशी रुपालीला त्याच्याजवळ बसवून ती माढ्याच्या बाजाराला गेली.

आता बांधावर पेटी सावलीत असते, धुळा सावलीत असतो आणि पॅनेल बाहेर. ते तोच वळवतो. पहाटे चारला उठणारी बाई आता चौथं ओझंही नेते. खांबासकट अकरा किलो, मी उचलून पाहिलं आहे. घराच्या छपराला नवे पत्रे घालायचे म्हणून तिनं दोन हंगामांची मजुरी बाजूला ठेवली होती. पत्रे राहिले. त्या मजुरीतून भाजीवाल्यांकडे असते तसली मोठी छत्री आली.